पणजीची थंडी रंगवली, पण सगळे म्हणतात पावसाळा

मळ्यातली_नात

नमस्कार मंडळी, जलरंगवाल्यांसाठी प्रश्न आहे, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

नाताळच्या सुट्टीत आजीकडे, पणजीच्या मळा भागात राहायला होते. रोज सकाळी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. तिथून खाली फोंताइन्हास या जुन्या वस्तीची कौलं, पलीकडे रुआ द ओरेमची खाडी, त्यापुढे पाटोच्या इमारती, आणि सगळ्यावर मांडवीकडून आलेलं धुकं. पायरी एवढी गार की खाली वर्तमानपत्र घालून बसावं लागायचं. आजीने शाल पण दिलेली. हसू नका, पारा विसाच्या आसपास असला तरी आपल्याला ती थंडीच.

तिथे बसून रेखाटनं केली, फोटो काढले आणि घरी येऊन अर्ध्या इम्पिरियल कागदावर चित्र केलं, चार रात्री गेल्या त्यात. आकाश राखाडी, लांबच्या इमारती त्या राखाडीत विरघळलेल्या, मधोमध रस्त्यावर सायकलवाला पोदेर, म्हणजे आपला पाववाला, दोन बायका बाजाराला निघालेल्या, एका बाल्कनीत नाताळचा कागदी तारा पेटलेला. मला वाटलं जमलं. नवऱ्याला दाखवलं तर म्हणतो, छान आलंय, जुलै ना? ऑफिसातली एकजण म्हणाली पाऊस मस्त पकडलास. कहर म्हणजे एका छोट्या प्रदर्शनाला दिलं होतं, मी नाव लिहून दिलेलं 'थंडी', तिथे जाऊन बघते तर खाली चिठ्ठी 'पावसाळी सकाळ'. विचारलं पण नाही कोणी मला!

बर्फ असता तर प्रश्नच नव्हता, कागद कोरा ठेवला की झाली थंडी. आपल्याकडे बर्फ नाही, झाडं बोडकी होत नाहीत, माणसांच्या तोंडातून वाफ येत नाही. मग दाखवायची कशी? रंग चुकलेत की रचनाच चुकलीय? फोटो जोडलाय. आकाशाला पेन्स ग्रे (निळसर राखाडी) वापरलाय, म्हणजे खरं तर सगळीकडेच तोच वापरलाय.

पोईखाऊ

मला आवडलं. पण खोटं कशाला बोलू, मलापण पाऊसच वाटला. पोदेराच्या हातात छत्री दे आणि विषय संपव.

फोंड्याचा_मास्तर

बाय, चित्र दोनदा मोठं करून बघितलं. पाऊस कुठून आला ते सापडलं. आकाशातून नाही, रस्त्यातून आलाय.

पोदेराच्या चाकांखाली बघ. तिथे तू ओला ब्रश उभा खाली ओढलायस. त्या दोन बायकांच्या पायांखालीही तेच. हल्ली सगळेच करतात हे, पावसातल्या रस्त्यांचे व्हिडिओ बघून बघून हाताला वळणच लागतं, माणूस काढला की त्याच्याखाली एक फराटा. चित्र सुटल्यासारखं दिसतं खरं, पण ते प्रतिबिंब झालं ना. प्रतिबिंब आलं की रस्ता ओला झाला, आणि रस्ता ओला झाला की वर आकाशात तू काहीही रंगव, बघणाऱ्याच्या डोक्यात जुलैच. तो रस्ता डिसेंबरात खडखडीत कोरडा असतो, कडेला लाल धूळ साचलेली, झाडूवालीने ओढलेल्या रेघा त्या धुळीत दिसतात. मी पणजीत नोकरीला होतो तेव्हा रोज बघायचो.

दुसरं. तुझ्या चित्रात सावलीच नाही. एकही नाही. तू त्या पायऱ्यांवर पूर्वेकडे तोंड करून बसली होतीस. डिसेंबरअखेर सूर्य सरळ पूर्वेला उगवत नाही, बराच दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणजे तुझ्या उजव्या हाताला, पण समोरूनच. आपल्याकडे तो सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वाआठ वाजले तरी जेमतेम पंधरा अंश वर आलेला असतो. त्या वेळी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पावणेचार पट पडते, हिशोब करून बघ. उभ्या माणसाची वीस फुटांची सावली! आणि ती कुठे पडेल? तिरकी, डावीकडे, आपल्या अंगावर येणारी. त्या पोदेराला ही एक सावली दिलीस आणि फराटा काढलास की अर्धा पाऊस थांबेल.

आता कौलं. तू सगळी कौलं केशरी उन्हात रंगवली आहेस. चुकीचं आहे असं नाही म्हणत, पण तू तिथे बसून बघितलं नाहीस, आठवणीतलं कौल काढलंस. सूर्य समोर असताना छपराची आपल्याकडची उतरण सावलीत असते. सावलीतलं कौल केशरी नसतं. ते जांभळट तपकिरी दिसतं, कारण त्यावर वरच्या निळ्या आकाशाचा उजेड पडलेला असतो. ऊन दिसतं ते फक्त आढ्यावर, बोटभर जाडीची पिवळी रेघ, आणि दोन घरांच्या मधल्या फटीतून रस्त्यावर पडलेल्या पट्ट्यांत. ती रेघ म्हणजे तुझी थंडी आहे बघ. पावसाळ्यात उजेड सगळीकडून सारखा येतो, त्याला दिशा नसते. थंडीत त्याला दिशा असते.

बाकी रचनेबद्दलही बोलायचंय, पण जेवून येतो.

मळ्यातली_नात

सर!!! फराट्याचं अगदी खरं आहे, मी आत्ता जुनी चित्रं काढून बघितली, सगळ्यांत आहे. म्हापशाच्या बाजारात मे महिन्याच्या दुपारी पण माणसांखाली फराटे 🙈 कौलांचं वाचून फोटो परत उघडला, खरंच जांभळी आहेत, फोटोत आहेत आणि मला दिसलीच नव्हती. तुम्ही जेवा सावकाश.

कागद_भिजवणारा

मास्तरांचं सगळं मान्य, फक्त पेन्स ग्रेबद्दल माझं भांडण आहे म्हणून लिहितो. ती ट्यूब आधी डब्यातून बाहेर काढ. वाईट रंग नाही, पण तो जिथे जातो तिथे सगळं एकाच थंडपणाचं करून टाकतो, आणि मजा अशी की सगळंच थंड केलं की काहीच थंड वाटत नाही, नुसतं मळकट वाटतं. गारवा दिसायला शेजारी ऊब लागते.

मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा राखाडी करतो, दोन्ही प्लेटमध्ये पूर्ण न मिसळता. कागदावर ओल्यात ते थोडे वेगळे होतात, निळ्याचे कण खळग्यात बसतात आणि कडेला तपकिरी सरकतो. एकच वॉश, म्हणजे रंगाचा एकच पातळ थर, पण सूर्याच्या बाजूला सिएना जास्त, डावीकडे निळा जास्त. म्हणजे आकाश राखाडीच राहील पण उजवीकडे जरा उबदार, डावीकडे जरा गार. आणि क्षितिजाशी, खाडीच्या वर, अगदी पातळ यलो ओकर आधी टाकून वाळू दे. धुकं हे रंगवायचं नसतंच मुळी. सूर्याच्या दिशेला बघताना धुक्यात उजेड भरलेला असतो, ते पांढरटपिवळं दिसतं. तू ते धुरासारखं काढलंयस, मागच्या वस्तूंपेक्षा गडद. असं होत नाही. लांबचा काळा खांबसुद्धा धुक्यात फिका होतो, हवेचा उजेड त्याच्यावर चढतो म्हणून. जवळचे गडद रंग जसेच्या तसे ठेव आणि लांबचे गडद फिके कर, बस.

आणि अजून एक, हे कुठे लिहिलेलं नसतं. आपल्याकडे जुलैत कागद वाळतच नाही, तासभर ओलाच राहतो, म्हणून आपल्या हाताला सगळं पसरवत राहायची सवय. डिसेंबरात हवा कोरडी, वॉश बघता बघता सुकतो आणि कडक कडा पडतात. लोक घाबरून पाणी मारत बसतात. मारू नको! त्या कडक कडा पडू दे. सावलीची कड कडक असली तरच हवा कोरडी वाटते.

तारवटी_साष्टी

मी चित्रकार नाही, जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने. पण बर्फ असता तर सोपं होतं असं नातबाय म्हणाली म्हणून लिहावंसं वाटलं. सोपं नाही ते.

हॅम्बुर्गला जानेवारीत बंदरात होतो. सकाळी डेकवर आलो तर काहीतरी उलटं वाटत होतं आणि कळेना काय. मग ध्यानात आलं, जमीन आकाशापेक्षा उजळ होती. आकाश ढगाळ, शिशासारखं, आणि खाली धक्का, छपरं, गाड्या सगळं पांढरं. आपल्याकडे जन्मभर आकाश वर उजळ आणि खाली सगळं गडद बघितलेलं, ते तिथे डोकं खाली पाय वर झालं होतं. आणि आवाज नाही. क्रेन चालू होती पण जणू कापसात. मला वाटतं बर्फाचं चित्र काढणाऱ्याला आधी हा उलटा हिशोब शिकावा लागत असेल, तू म्हणतेस तसा कोरा कागद सोडून भागत नसेल. जाणकारांनी सांगावं.

घरी आलो की मात्र मला पणजीच्या सकाळीच जास्त थंडी वाजते. बायको म्हणते नाटकं करतोस.

फोंड्याचा_मास्तर

तारवटीबाब, पैकीच्या पैकी निरीक्षण. अगदी तसंच आहे. बर्फाच्या चित्रात ढगाळ आकाश जमिनीपेक्षा एक दोन छटा गडद ठेवावं लागतं, नाहीतर बर्फ पांढरा दिसतच नाही, चुना फासल्यासारखा दिसतो. आणि ऊन असलं तर सावल्या निळ्या. फ्रेंच चित्रकार मोनेचं ते कुंपणावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचं चित्र आहे ना, १८६८-६९ सालचं, त्यात बर्फावरच्या सावल्या निळसर आहेत. पॅरिसच्या सलोंने, म्हणजे तिथल्या सरकारमान्य प्रदर्शनाने, ते नाकारलं होतं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि लोक त्याच्यासमोर रांगा लावतात. ते गावाकडचं चित्र, शहरातलं नाही, पण सावलीसाठी बघण्यासारखं.

आता बाय तुझी रचना.

तू पिसारोचं पॅरिसच्या रस्त्याचं चित्र, बुलेव्हार मोंमार्त्र बघ, थंडीतल्या सकाळचं, १८९७, मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, नेटवर मोठं करून बघता येतं. गंमत म्हणजे त्यात बर्फ नाही. तुझ्यासारखंच प्रकरण! त्याचे डोळे दुखायचे, बाहेर वाऱ्यात बसता यायचं नाही, म्हणून हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली घेऊन खिडकीतून तोच रस्ता पुन्हा पुन्हा रंगवला, चौदा चित्रं केली त्या एका रस्त्याची, सकाळ दुपार रात्र, ऊन पाऊस सगळं. रस्ता तोच, इमारती त्याच, तरी प्रत्येकाचं हवामान वेगळं कळतं. थंडीच्या सकाळी त्याने काय केलंय बघ, बोडक्या झाडांची पुसट जाळी, आकाशाला फिका जांभळट राखाडी, आणि माणसं म्हणजे नुसते गडद ठिपके. एकाही माणसाला चेहरा नाही. घाईत असलेली माणसं वाटतात ती, आणि थंडीतच माणूस तसा चालतो.

तू काय केलंस? मी तुझ्या खिडक्या मोजल्या. एकतीस. एकतीस खिडक्या, सगळ्या सारख्या निगुतीने काढलेल्या, गज सुद्धा. क्षितिजरेषा कागदाच्या बरोबर मध्ये. पोदेर बरोबर मध्ये. रस्ता उजव्या कोपऱ्यातून बाहेर पळतोय आणि डोळा त्याच्याबरोबर चित्राबाहेर जातोय. हे चित्र नाही, हे मतदारयादीसारखं झालंय, कोणी सुटायला नको.

वाईट वाटून घेऊ नको. मी पोरांनाही असंच बोलायचो.

आधी काडेपेटीएवढ्या चौकोनात तीनच छटांत काढ. काळा, मधला, पांढरा. डोळे बारीक करून बघ. मला त्या जागेवरून असं दिसतं: खाली पुढे एक मोठा गडद तुकडा, म्हणजे तुझ्या पायाखालची दरड, तिथली भिंत, आंब्याची फांदी. हा तुकडा कागदाचा तिसरा हिस्सा खाऊ दे, त्यात जवळजवळ काही काढू नको. मग सावलीतल्या कौलांचा मधला पट्टा. मग धुकं, जवळजवळ कोरं. गडदातून उजेडाकडे डोळा गेला पाहिजे. क्षितिज वर ने, आकाश बोटभर पुरे. आपल्याला वर काय आहे त्याच्यात रस नाही, खाली लोक कसे उठतायत त्याच्यात आहे.

मळ्यातली_नात

मतदारयादी 😂😂 सर तुम्ही माझ्या दहावीच्या शिक्षकांसारखे बोलता. वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

एक शंका, पोदेर मध्यातून हलवला तर कुठे जाईल? तो मला हवाच आहे, सायकलवरची ती मोठी टोपली, वरचं प्लास्टिक आणि तो भोंगा, त्याच्याशिवाय सकाळ कशी होणार? आणि दुसरं म्हणजे डावीकडे कोपऱ्यात मांडवीवरच्या अटल सेतूच्या तारा येतात फोटोत. मी त्या गाळल्या होत्या, जुनी पणजी वाटावी म्हणून. बरोबर केलं ना?

डिचोलीकर

नाही केलंस बरोबर. सॉरी पण मला हे पटत नाही. पणजीचं चित्र म्हटलं की सगळे तीच पिवळी निळी घरं, तोच दारापुढचा बाल्कांव, जसं काही १९६१ नंतर काही घडलंच नाही. सेतू २०१९ पासून उभा आहे, तुझ्या खऱ्या सकाळीही होता, धुक्यातून त्या तारा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात, मी रोज पर्वरीहून त्यावरून येतो. काही सकाळी तर खाली नदीच दिसत नाही, नुसता कापूस, आणि आपण तरंगतोय. ते सोडून तू पर्यटनाचं पोस्टर काढतेस. पिसारोचं मास्तरांनी सांगितलं ना, त्याने पण आपल्या काळातल्या घोडागाड्यांची गर्दी काढलीच की, जुनं पॅरिस आणायला गेला नाही.

थंडी ओळखू येण्याच्या खुणा हव्यात तर आपल्याकडे भरपूर आहेत, लोक बघत नाहीत एवढंच. देवळाजवळ, चर्चजवळ चाफा असतो ना, तो थंडीत पानं गाळतो. नुसत्या जाड बोटांसारख्या फांद्या. बोडकी झाडं नाहीत म्हणतेस, हे घे बोडकं झाड. भिंतीवरचं शेवाळ बघ, ऑगस्टमध्ये हिरवंगार मखमल असतं, आत्ता ते वाळून काळं झालंय, पाण्याचे ओघळ होते तिथे काळे डाग. तुझ्या चित्रातली भिंत हिरवी आहे!! तिथेच पाऊस पडला. आंब्याला मोहोर यायला लागलाय, लालसर पिवळा. आल्तिनो टेकडीच्या उतारावरचं गवत वाळून गव्हाच्या रंगाचं झालंय. आणि घरांना पावसाळ्यानंतर नवीन रंग काढलेला असतो, त्यामुळे डिसेंबरात भिंती सगळ्यात चोख, आणि पायाशी तेवढा लाल मातीचा हात.

कागद_भिजवणारा

हिरव्या भिंतीचं मी बघितलंच नव्हतं, जबरी.

पण सेतूबद्दल उलट बाजू घेतो. असलेलं सगळं काढलंच पाहिजे असा कायदा नाही. जपानी चित्रकार हिरोशिगेचं कांबारा गावातल्या रात्रीच्या बर्फाचं चित्र घ्या, तोकाइदो रस्त्याच्या मालिकेतलं, १८३०च्या दशकातलं. तीन माणसं वाकून चाललीयत, सगळं गाव बर्फाखाली. त्या किनाऱ्याला हवा सौम्य असते, एवढा बर्फ तिथे पडत नाही. म्हणजे या पठ्ठ्याने हवामानच बनवून घातलं, आणि आज बर्फाचं नाव काढलं की लोक तेच चित्र दाखवतात. तेव्हा तिने चार तारा गाळल्या तर काय बिघडलं. प्रश्न खरं खोटं नाही, त्या तिरक्या तारा चित्रात काम करतात का एवढाच. माझ्या मते नाही करत, डोळा डावीकडे वर ओढून नेतील.

डिचोलीकर

काम करतात. सावल्या डावीकडे खाली येतायत ना मास्तर म्हणतात तशा, तारा डावीकडे वर जातील. तोल राहील. फिक्या काढ, अगदी धुक्यात मावतील एवढ्या, पण काढ.

कागद_भिजवणारा

दोन तिरक्या एकाच कडेला? पंखा होईल तो.

पोईखाऊ

मध्येच बोलतो, पोदेर आमच्याकडे साडेसहाला येऊन जातो. सव्वाआठला तो भेटला तर टोपलीत दोनच उंडे, म्हणजे गोल पाव, राहिलेले असतात. कोंड्याची पोई तर विसराच. सावली पावणेचार पट आणि टोपली भरलेली असं चालणार नाही हां, ताई.

फोंड्याचा_मास्तर

पोईखाऊ, हसण्यावारी नेऊ नका कोणी, हा मुद्दा बरोबर आहे. टोपली हलकी असेल तर माणूस सायकल वेगळी धरतो. एका हाताने.

पोदेर कुठे ठेवायचा याबद्दल. व्हिसलर या चित्रकाराचं एक चित्र आहे, लंडनच्या चेल्सीतली बर्फाची रात्र, १८७६, राखाडी आणि सोनेरी. धुरकट रस्ता, दारूच्या गुत्त्याच्या पिवळ्या खिडक्या, आणि बर्फात एकटीच काळी आकृती. लोक त्याला म्हणायचे, या बिचाऱ्याची काहीतरी गोष्ट जोडा, म्हणजे चित्र खपेल. तो म्हणायचा की त्या आकृतीचं पुढचं मागचं मला काही देणंघेणं नाही, तिथे काळा हवा होता म्हणून ती तिथे आहे. एवढा कोरडेपणा मला जमत नाही, तुलाही जमणार नाही, तो पोदेर तुझ्या आजीला पाव देणारा आहे. पण चित्र लावताना पाच मिनिटं तसा विचार कर. तुझ्या चित्रात गडद ठिपका कुठे हवाय? मला वाटतं, दोन घरांच्या फटीतून उन्हाची पट्टी रस्त्यावर येते तिथे, तिच्या कडेला. उन्हात नाही, उन्हात शिरायच्या एक पाऊल आधी. उजवीकडे, मधल्या पट्ट्यात. मग रस्ता कोपऱ्यातून पळाला तरी डोळा त्याच्यापाशी अडेल.

आणि कागदी तारा. तो ठेव, पण तो पेटलेला हवा असेल तर वेळ बदलावी लागेल. सव्वाआठच्या उन्हात आतला दिवा दिसत नाही. एक तर सूर्य उगवायच्या आधीची, सगळी निळी सकाळ काढ आणि तारा हा एकच उबदार डाग ठेव, नाहीतर ऊन काढ आणि तारा विझव, नुसता कागद. दोन्ही एकदम केलंस म्हणून प्रकाश कुठून येतोय ते कळत नाही. हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई आठव, म्हैसूरची, जलरंगातली. तिथे दिवा जिंकतो कारण बाकी कोणीच उजेड देत नाही.

सेतूच्या भांडणात मी पडत नाही. काडेपेटीच्या चौकोनात दोन्ही काढून बघ, पाच मिनिटांचं काम.

मळ्यात आहेस तर फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जाऊन चित्रकार त्रिंदादची चित्रं बघून ये, तिथल्या तिथे आहे. आपला गोंयचा माणूस, १९३५ला गेला. तैलरंग आहेत, पण सावलीत तो किती रंग भरतो ते जवळून बघ. नुसता काळा कुठेच टाकत नाही.

मळ्यातली_नात

दहा दिवसांनी येतेय, बँकेत वर्षअखेरीची नाही पण तिमाहीची कामं होती.

शनिवारी परत गेले पायऱ्यांवर. ह्या वेळी रंग नेलेच नाहीत, नुसती पेन्सिल आणि छोटी वही. काडेपेटीचे चौकोन चौदा काढले (पिसारोएवढे 😄). सातला बसले तेव्हा सगळं निळं होतं, खाली एका घरात स्वयंपाकघराचा पिवळा दिवा, तारे आता काढून ठेवलेत लोकांनी. सात पंधराला पाटोच्या इमारतींच्या मागून उजेड आला आणि पहिल्यांदा काय पेटलं माहितीये का, आढी नाही, डिशच्या अँटेना. प्रत्येक छपरावर एक एक, त्यांच्या कडा. मी कधी रंगवल्याच नव्हत्या, घाण दिसतात म्हणून. मग आढी. मग आठ वाजून गेल्यावर ती पट्टी रस्त्यावर उतरली, एका कुत्र्याने ती बरोबर हेरली आणि येऊन त्यात पसरला. जसजशी पट्टी सरकेल तसा तो पण सरकायचा, उठायचा नाही, नुसता लोळून सरकायचा.

त्यामुळे पोदेर गेला. माफ करा सर. पट्टीत कुत्रा आहे, आणि कडेला सावलीत शाल घेतलेली एक बाई, उन्हात यायच्या एक पाऊल आधी.

क्षितिज वर नेलं, पुढे दरड आणि चाफ्याच्या चार फांद्या एवढंच, तीन बोटांएवढ्या गडद. खिडक्या सात. पेन्स ग्रे नाही. कोबाल्ट निळा घेतला लांबच्या भागाला, अल्ट्रामरीन जास्त जांभळा होत होता माझ्या हातात. सेतूचं डिचोलीकरांचं ऐकून काढला, मग पंखा झाला खरंच, मग अर्धा स्पंजने उचलला. आता दोनच तारा दिसतात आणि एक खांब, तोही आहे की नाही कळत नाही. फोटो टाकतेय.

नवऱ्याला दाखवलं, काही बोलला नाही, म्हणाला चहा ठेवू? आजीला दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, आमचं घर खंय गेलं? घर त्या गडद तिसऱ्या हिश्शात आहे, दरडीमागे. तिला सांगितलं, ते आहे पण दिसत नाही. तिला हे अजिबात पटलेलं नाही.

पोईखाऊ

पाऊस थांबला. कुत्रा फर्स्ट क्लास. पण पोदेर काढून टाकला म्हणून मी नाराज आहे ह्याची नोंद व्हावी.

डिचोलीकर

अर्धा सेतू पण चालेल. चाफा मस्त.

कागद_भिजवणारा

डावीकडे वर कोबाल्ट अजून एक वॉश सहन करेल असं वाटतं, पण मी नसता मारला. शालीची उजवी कड कशी ठेवलीस पांढरी, मास्किंग (रंग लागू नये म्हणून लावतात ते) की कागद सोडलास?

मळ्यातली_नात

कागद सोडला. दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा राहिला. आजीच्या घरासाठी आता वेगळं चित्र करावं लागणार, ती रोज विचारते. येत्या रविवारी सातला पायऱ्यांवर आहे, कोणी येणार असेल तर वर्तमानपत्र आणा, पायरी गार असते.